सगळी पिशवी घेऊन या

प्रश्न : डॉक्टर औषध लिहून देतात, दुकानातला फार्मासिस्ट ते देतो. मग दवाखान्यात बसणारा क्लिनिकल फार्मासिस्ट आणखी काय करतो?

दुकानातल्या माझ्या सहकाऱ्यासमोर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीमागे रांग. माझ्यासमोर तुमचे रक्ताचे रिपोर्ट, जुने आजार, आधी दिलेली आणि बंद केलेली औषधं असतात. शिवाय वीसेक मिनिटं निवांत. निदान डॉक्टरांचं. ते झाल्यावर जे वर्षानुवर्षं चालतं, म्हणजे बीपी, मधुमेह, दमा, थायरॉईड, त्यात गोळी लागू पडतेय का, मूत्रपिंडाला झेपतेय का, शेजारच्या गोळीशी तिचं जमतंय का हे मी बघतो. आणि ती पोटात जातेय की ड्रॉवरमध्ये, हेही.

रुग्णालयांच्या वॉर्डांत हे काम बरंच आधीपासून होतं. इंग्लंडमध्ये 2015 साली सरकारी आरोग्यसेवेने फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत असे फार्मासिस्ट नेमण्याचा प्रयोग जाहीर केला, आणि पुढे ती पद्धत तिथे रुळली. सर्वाधिक घोळ होतो तो पेशंट हॉस्पिटलमधून घरी आल्यावर. गेल्या महिन्यात एक आजी आल्या, नाडी मिनिटाला 46. घरची जुनी बिसोप्रोलॉल (बीपीची, नाडी मंद करणारी गोळी) चालूच होती, आणि हॉस्पिटलमधून मिळालेली नवीन गोळीही बिसोप्रोलॉलच, फक्त नाव दुसऱ्या कंपनीचं. आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव कंपनीचं. बारीक अक्षरांतलं खरं औषधाचं. वाचायचं ते बारीक.

प्रश्न : वडील 74 वर्षांचे आहेत. रोज अकरा गोळ्या घेतात. यातल्या काही कमी होतील का?

होऊ शकतील. पण आकडा बघून नव्हे. अकराही गोळ्या गरजेच्या असू शकतात आणि तीन गोळ्यांतली एक फालतू असू शकते. प्रत्येक गोळीला मी एकच प्रश्न विचारतो : तू इथे कशी आलीस? उत्तर ‘आधीच्या गोळीमुळे’ असं आलं, की कान टवकारायचे.

एक साखळी सांगतो, कारण ती वारंवार दिसते. बीपीसाठी अ‍ॅमलोडिपिन सुरू होतं. काही जणांना त्याने घोट्यांवर सूज येते. मोजे काढले की खोल वळ दिसतो. सूज दिसली म्हणून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड येतं. त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि एका रात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागतो. त्यावर डायक्लोफिनॅक. या जातीच्या वेदनाशामकाने अंगात मीठपाणी साचतं, बीपी चढतं. आणि बीपी चढलं म्हणून अ‍ॅमलोडिपिनचा डोस दुप्पट! प्रत्येक वळणावरची चिठ्ठी त्या-त्या दिवशी शहाणपणाचीच वाटते. सलग वाचली तरच चक्र दिसतं. शिवाय ती घोट्यांवरची सूज अंगात जादा पाणी साठल्याची नसतेच. बारीक रक्तवाहिन्या सैलावल्याने द्रव बाहेर झिरपतो, म्हणून लघवीच्या गोळीचा तिथे फारसा उपयोगही नसतो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून पहिली कडी बदलायची, मग मागच्या आपोआप गळतात. (सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचीही असू शकते, ते आधी तपासायचं.)

वडिलांच्या यादीत आणखी एक त्रिकूट शोधा : ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ने संपणारी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो, जुलाब-उलट्यांत तर फारच. गुडघेदुखीची गोळी चिठ्ठीशिवाय आणलेली असते, म्हणून ती कुठल्याच यादीत नसते. यासाठीच मी पिशवी मागतो, यादी नाही. घरातली सगळी औषधं आणा : थेंब, मलमं, आयुर्वेदिक चूर्णं, शेजाऱ्यांनी दिलेली स्ट्रिपसुद्धा. टेबलावर ओतली की निम्मं काम तिथेच होतं. मे महिन्यात दिलेली तीस गोळ्यांची स्ट्रिप ऑगस्टमध्ये जवळजवळ भरलेली निघाली, तर ‘औषध लागू पडत नाही’ याचा अर्थच बदलतो. मी त्यावर रागावत नाही. बहुतेकदा त्यामागे चक्कर, जळजळ किंवा नुसती भीती असते, आणि तिच्यावर उपाय असतो.

घरच्या घरी मात्र एकही गोळी बंद करू नका. बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल, फिटची औषधं, झोपेच्या गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स अचानक थांबवली तर उलटतात. ती पायरीपायरीने उतरवायची असतात, आणि आम्ही एका वेळी एकच उतरवतो, म्हणजे काही बिनसलं तर कशामुळे ते कळतं.

प्रश्न : थायरॉईडची गोळी रोज न चुकता घेते, तरी टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलंच. डोस वाढवावा का?

आधी सांगा, तिच्याबरोबर काय घेता? बहुतेक जणी सकाळच्या सगळ्या गोळ्या एका घोटात उरकतात, आणि त्यात कॅल्शियम किंवा लोह असतं. दोन्ही थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. एवढं बदलून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, त्याआधी केलेल्या तपासणीतून फारसं कळत नाही. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही सांगा. त्याने थायरॉईडमध्ये नाही, पण काही लॅबच्या आकड्यांत गडबड होते.

प्रश्न : मोठी गोळी गिळवत नाही. मोडून घेतली तर?

मधोमध रेघ असेल तर बहुधा चालतं. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर चुरू किंवा चावू नका. दिवसभर हळूहळू सुटायचा डोस एकदम रक्तात येतो. त्याच औषधाचं पातळ किंवा लहान रूप मिळतं का, ते आधी विचारा.

प्रश्न : दम्याचे दोन पंप आहेत, पण गुण येत नाही. आणखी जोरदार औषध मिळेल का?

जोर बहुधा औषधाचा कमी नसतो. माझ्याकडे आलात तर मी म्हणेन, ‘घेऊन दाखवा.’ दाबायच्या फवाऱ्याचा पंप असेल तर श्वास संथ, लांब. आत घेता घेता दाबायचं आणि दहा सेकंद रोखायचा. कोरड्या पावडरीचा असेल तर उलट : एकदम, जोरात ओढायचा. घरात दोन्ही प्रकारचे असले की माणसं एकाच रीतीने दोन्ही ओढतात, आणि फवारा जिभेच्या मागे आपटून तिथेच राहतो. फवाऱ्याला स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी) लावला तर हात आणि श्वासाचा मेळ नाही साधला तरी भागतं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची.

आणि किती फवारे उरले याचा आकडा न दाखवणारा पंप हलवून ‘अजून आहे’ म्हणू नका. औषध संपल्यावरही त्यातला वायू फुसफुसत राहतो. आणाल तेव्हा दोन्ही पंप आणा, रिकामा वाटतो तोही.