मनोऱ्याखालचे बुटके दरवाजे

प्रश्न : अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील अ‍ॅलेगेनी काउंटीच्या जुन्या न्यायालयाचा मनोरा अत्यंत भव्य आहे, त्याखालील प्रवेशद्वारे मात्र तळघराच्या दारांसारखी बुटकी दिसतात. हा रचनाकाराचा दोष मानावा काय? आणि न्यायालयाला एवढा उंच मनोरा हवाच कशाला?

उत्तर : दोष रचनाकाराचा मुळीच नाही. आधीची इमारत 1882 मध्ये आगीत नष्ट झाल्यावर हेन्री हॉबसन रिचर्डसन यांनी या वास्तूचा आराखडा केला आणि 1884 ते 1888 या काळात ती उभी राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील टेकाड खोदून समोरचा रस्ता, ग्रँट स्ट्रीट, खालच्या पातळीवर नेण्यात आला, तेव्हा जमिनीखाली राहण्यासाठी बांधलेला भाग उघडा पडला. मूळ दारापर्यंत चढण्यासाठी केलेला जिना रस्तारुंदीत गेला आणि तळघराच्या पातळीवरून आत जाणे भाग पडले. म्हणून इमारतीचे छायाचित्र पाहताना नजर एक मजला वर न्यावी : ज्या रुंद, अर्धवर्तुळाकार कमानी तिथे दिसतात, तेच रिचर्डसन यांचे खरे प्रवेशद्वार होय.

मनोऱ्याची उंची केवळ दिमाखासाठी नव्हती. त्या काळी पोलादाच्या या शहरावर कोळशाचा धूर दाटलेला असे. त्या धुराच्या वरून स्वच्छ हवा ओढून इमारतीत खेळवण्याची सोय या मनोऱ्यातून केलेली होती. एवढी रोकडी गरज इतक्या देखण्या रूपात भागवणे, हे मला या वास्तूचे सर्वांत मोठे यश वाटते. प्रकाशाचा विचारही तितकाच नेटका आहे : मधोमध मोकळा चौक ठेवल्याने आतल्या दालनांना उजेड मिळतो आणि रस्त्याचा गोंगाट बाहेरच राहतो.

बाहेरच्या भिंतींचे ग्रॅनाइटचे चिरे मुद्दाम गुळगुळीत केलेले नाहीत. उन्हाच्या तिरिपीत प्रत्येक चिऱ्याच्या उंचवट्याची सावली खालच्या सांध्यावर पडते आणि भिंत अधिकच जाड भासते. रॉस स्ट्रीटवरून जाणारा बंदिस्त दगडी पूल न्यायालयाला त्याच आराखड्यातील तुरुंगाशी जोडतो. व्हेनिसमधील प्रसिद्ध पुलाप्रमाणे त्यालाही ‘निःश्वासांचा पूल’ म्हणतात. तुरुंग 1995 मध्ये बंद झाला आणि त्या इमारतीत आता कौटुंबिक न्यायालय भरते. रिचर्डसन 1886 मध्येच निवर्तले. त्यांच्या शिष्यांनी पूर्ण केलेले हे काम त्यांना पाहता आले नाही.