संगणक नसताना ‘द स्केलेटन डान्स’मधले सांगाडे इतके तालात कसे नाचतात?

तुम्ही विचारलंय, की १९२९ मध्ये संगणक नव्हता, मग या कृष्णधवल कार्टूनमधल्या सांगाड्यांची पावलं ठेक्यावर इतकी चोख कशी पडतात? माझा फार लाडका लघुपट आहे हा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळा खेळ मोजणीचा आहे. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या ठरलेल्या वेगानं पळते. दर अर्ध्या सेकंदाला ठोका हवा असेल, तर दर बाराव्या चित्रात पाऊल जमिनीला टेकायला हवं. कुठल्या मात्रेला काय घडणार हे आधी कागदावर मांडायचं, मग पेन्सिल उचलायची.

कल्पना कार्ल स्टॉलिंग या संगीतकाराची. कॅन्सस सिटीत ते मूकपटांना ऑर्गनची साथ करायचे. मिकी माउसच्या कार्टूनमध्ये संगीत चित्रामागून धावायचं. स्टॉलिंगना ते पुढे चालायला हवं होतं. वॉल्ट डिस्नेंनी ऐकलं आणि ‘सिली सिम्फनीज’ मालिकेची सुरुवात याच लघुपटानं झाली. संगीत बरंचसं स्टॉलिंगचंच, त्यात नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांचा एक तुकडा. (फ्रेंच संगीतकार सैं-सांस यांची ‘दांस माकाब्र’ ही रचना वाजते असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे.)

चित्रं जवळजवळ एकट्या अब आयवर्क्स या डिस्नेंच्या चित्रकाराची. हालचालीतली मुख्य चित्रं तुम्ही काढा, त्यांच्या मधली साहाय्यकांना द्या, असं डिस्नेंचं म्हणणं. आयवर्क्सना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्याच हातानं काढत जायचं होतं. मला त्यांचंच पटतं. चार सांगाडे एका रांगेत डोलतात तेव्हा चौघांच्या अंगात एकच लय असते. तीच चित्रं पुन्हा पुन्हा वापरली आहेत अशी तक्रार लोक करतात, आणि वापरली आहेतच. पण ठेकासुद्धा आवर्तनानंच रंगतो ना! एक सांगाडा दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर हाडांनी झायलोफोन वाजवतो, तिथे आघात आणि सूर असे एकत्र पडतात की हाड खरंच वाजतंय असं वाटतं.

एकदा आवाज बंद करूनही पाहा. ठेका तरीही डोळ्यांना दिसत राहतो. शेवटी कोंबडा आरवतो, सांगाडे घाबरून एकमेकांत गुंततात आणि थडग्यात उडी घेतात. पावलं तेवढी बाहेर राहतात. ती दगडावर थापा मारतात, आणि आतून एक हात येऊन त्यांना ओढून घेतो.