हायकू लिहिला की लिहिलं?

प्रश्न असा आला आहे : बालवाडीच्या मुलांसाठी प्राण्यांवर हायकू, म्हणजे मूळ जपानी धर्तीच्या तीन-तीन ओळींच्या कविता करायच्या आहेत. तेव्हा ‘हायकू लिहिला’ म्हणायचं, ‘लिहिली’ की ‘लिहिलं’? ‘कू’ ऱ्हस्व की दीर्घ? आणि ओळींची पाच, सात, पाच (५-७-५) अक्षरं मोजताना ‘मांजर’ तीन धरायचं की दोन?

उत्तराआधी एक गोष्ट. ‘हायकू म्हणजे जपानी चारोळी’ हे वाक्य आता थांबलं पाहिजे. शिबिरांत, स्नेहसंमेलनांत, मुलांच्या अंकांच्या संपादकीयांत ते सतत कानावर येतं. चारोळीला यमक लागतं आणि तिचा सगळा जोर शेवटच्या ओळीवर असतो. हायकूला अंत्ययमकाची अट नसते, आणि जोर असतो दोन चित्रांमध्ये सोडलेल्या फटीवर. हा गैरसमज मुलांच्या कवितेत फार नुकसान करतो. ‘ससा’ आला की ‘हसा’ आलंच पाहिजे, मग ससा कान कसे टवकारतो हे बघायला कोणालाच सवड उरत नाही.

कू दीर्घच. जपानीत तो उकार ऱ्हस्व आहे, पण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम आहे. तिथे वाद नाही.

लिंगाचं बघू. कवयित्री शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजवला आणि छापील मराठीत तो बहुतेक पुल्लिंगीच चालत आला : हा हायकू, हे हायकू. ‘कविता स्त्रीलिंगी म्हणून हायकूही स्त्रीलिंगी’ हा युक्तिवाद मला पटत नाही. अभंग, पोवाडा, श्लोक या कविताच आहेत आणि पुल्लिंगी आहेत. माझं मत मात्र नपुंसकलिंगाकडे झुकतं, आणि त्याला मराठीतलंच कारण आहे. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पाखरू, पिल्लू, लेकरू ही सगळी लहान जिवांची ऊकारान्त नावं नपुंसकलिंगी आहेत. त्यांत रेड्याच्या पिल्लाचं नाव बघा : रेडकू! लहान, लाडकं आणि ‘कू’वर संपणारं. जपानी ‘कू’शी त्याचं काही नातं नाही, ध्वनी योगायोगाने जुळला आहे. पण परका शब्द घरात येतो तेव्हा तो इथल्या सारख्या आवाजाच्या शब्दांच्या पंगतीत बसतो, आणि चार-पाच वर्षांचं मूल ‘ते हायकू’ म्हणतं ते याच वळणाने. त्याला ‘तो हायकू म्हण’ असं दुरुस्त करू नये. गंमत अशी की ‘हे हायकू’ पुल्लिंगी अनेकवचनही होतं आणि नपुंसकलिंगी एकवचनही. फरक उघडा पडतो तो क्रियापदात. ‘लिहिला’ रूढ आहे. ‘लिहिलं’ मला जास्त आवडतं आणि पुढे मी तेच वापरणार आहे. ‘लिहिली’ सोडा.

आता ज्या शब्दासाठी हे सगळं लिहायचं तो शब्द : ‘हाय’.

पुष्कळ ठिकाणी फोड दिलेली असते ती ‘हाय म्हणजे विनोदी, कू म्हणजे कविता’ अशी. कुणी तर आपल्या ‘हाय!’ या सुस्काऱ्याशीही ते जोडतं, त्याचा विचारही करायला नको. पहिली फोड चुकीची नाही, पण आळशी आहे. ‘कू’ म्हणजे अख्खी कविता नव्हे. ‘कू’ म्हणजे चरण, पदाचा तुकडा. आणि ‘हाय’ ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचा अर्थ शू शेन या पंडिताने इ. स. १००च्या सुमाराच्या आपल्या ‘शुओवेन’ या कोशात एका शब्दात दिला आहे : खेळ. त्यातून खेळ करून दाखवणारा, नकल्या, सोंगाड्या. आजही जपानीत नटाला ‘हाइयू’ म्हणतात, त्यातला ‘हाइ’ हाच. म्हणजे हायकू हा सोंगाड्याचा चरण! गंभीर साखळीकाव्याला रेंगा म्हणत, त्याचाच खेळकर प्रकार म्हणजे हाइकाइ. त्या साखळीची पहिली कडी ती होक्कू. ही कडी सुटी करून तिला ‘हायकू’ हे नाव रूढ केलं कवी मासाओका शिकी यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध जपानी कवी बाशो १६९४ साली गेला, म्हणजे आपण हायकू लिहितो हे त्याला या नावाने ठाऊकच नव्हतं.

ते अक्षर जवळून पाहण्यासारखं आहे. डावीकडे माणसाची खूण आहे. उजवीकडच्या भागाबद्दल तोच शुओवेन सांगतो की ते पाठीला पाठ लावलेले दोन पंख आहेत. या अक्षरात तो भाग केवळ उच्चार दाखवायला घेतला आहे, अर्थासाठी नाही, हे मला मान्य आहे. कोणीही जाणकार हेच सांगेल. तरीही डोळ्यांना दिसतं ते असं : एक माणूस, आणि त्याला लागून पाखराचे दोन पंख. पाखराचं सोंग घेतलेला माणूस! मुलांसाठी प्राण्यांवरचं हायकू म्हणजे नेमकं काय, हे मला याहून नीट कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे सोंगाची परंपरा भारुडात आहे. एकनाथांचा विंचू चावतो तेव्हा म्हणणारा त्याचं वर्णन करत बसत नाही, तो तळमळून दाखवतो. प्राणी सांगायचा नाही, प्राणी करायचा.

हे न कळल्यामुळे काय बिघडतं ते पाहा. असं हायकू ढिगाने सापडतं (हे नमुन्यासाठी रचलं आहे) :

मांजर माझे
आहे फारच गोड
मला आवडे

अक्षरं मोजा : पाच, सात, पाच. हिशेब चोख आहे आणि मांजर कुठेच नाही. ‘गोड’ आणि ‘आवडे’ हे म्हणणाऱ्याबद्दल सांगतात. मुलाला यातलं काही करून दाखवता येत नाही. आता ही विशेषणं काढून मांजराला खेळात आणू :

मिशा ओल्या ना —
दुधू कोणी प्यालं गं?
मी नाही, म्याऊ!

इथे पहिली ओळ म्हणताना मुलं ओठांवरून हात फिरवतात, दुसरी आई म्हणते, तिसरी मांजर. ‘ना’पाशी थांबायचं. जपानी हायकूत अशा तोडीसाठी खास शब्द असतात, ‘या’, ‘काना’, ‘केरी’. त्यांना मराठीत प्रतिशब्द शोधायची गरज नाही. गं, रे, ना, की, बाई हे आपल्या तोंडात आहेतच. एका हायकूत तोड एकच ठेवावी. दोन तोडी झाल्या की तीन तुकडे तीन दिशांना जातात.

आता मोजणी. वरच्या वाईट हायकूवर टाळ्या वाजवून बघा. मां-जर मा-झे, टाळ्या चार. आ-हे फा-रच गोड, पाच. म-ला आव-डे, चार. कागदावर ५-७-५, कानाला ४-५-४. मराठीत लिहिलेला अकार बोलताना पुष्कळदा गळतो, म्हणून लेखी अक्षर आणि बोललेलं अक्षर वेगळं पडतं. मांजर, चिमणी, बेडूक, उंदीर, कासव, सरडा, कावळा ही लिहिताना तीन आणि बोलताना दोन. वाघ, साप, मोर, गाय, म्हैस लिहिताना दोन, बोलताना एक. ज्याला अजून लिहिता येत नाही त्या मुलाला लेखी हिशेब कसा कळणार? त्याच्यासाठी टाळी हेच माप. मांजर म्हणजे दोन.

उलट ज्या शब्दांत प्रत्येक अक्षराचा स्वर स्पष्ट उच्चारला जातो तिथे दोन्ही हिशेब जुळतात : ससा, घोडा, मुंगी, हत्ती, विंचू, चिऊताई, मनीमाऊ, खारूताई. बडबडगीतांनी चिमणीची चिऊ आणि कावळ्याचा काऊ उगाच केलेला नाही. जपानी भाषाही अशीच बहुतेक स्वरान्त आहे. ‘मिशा ओल्या ना’ पुन्हा मोजा, कागदावर आणि टाळीवर दोन्हीकडे ५-७-५ येतं.

‘अक्षरं नव्हे, मात्रा मोजा’ असा आग्रह धरणारे आहेत, आणि मूळ जपानी मोजणीच्या बाबतीत ते बरोबर आहेत. तिथे दीर्घ स्वराचे दोन, अडलेल्या व्यंजनाचा एक वेगळा. त्या मोजणीने ‘हत्ती’ चार भरेल. पण मराठीत पाच मात्रा म्हणजे नुसता ‘हायकू’ हा शब्द. सतरा मात्रा म्हणजे सोळा मात्रांच्या पादाकुलक वृत्ताची एक ओळ आणि वर एक मात्रा. इतक्यात मुंगीसुद्धा मावत नाही. जोडाक्षर एकच धरा आणि पुढे चला.

आणि एखादी टाळी जास्त झाली म्हणून ओळ मोडू नका. जपानी कवी इस्सा याचं चिमणीच्या पिल्लाचं हायकू जपानी मुलांना पाठ असतं : ‘सुझुमे नो को / सोको नोके सोको नोके / ओउमा गा तोओरु’. पिल्ला, सरक बाजूला, सरक बाजूला, घोडेदादा येतायत! मोजा : ५-८-७. तीन जास्त. ‘सोको नोके’ ही सरदाराच्या स्वारीपुढे वाट मोकळी करणारी हाळी आहे, आणि ती दिली आहे एका पिल्लाला. इस्सा इथे चोपदाराचं सोंग घेतो. हाय!

ऋतूबद्दल थोडं. जपानी हायकूत ऋतुशब्द हवा आणि तिथे प्राण्यांना ऋतू वाटून दिलेले आहेत : बेडूक वसंताचा, काजवा उन्हाळ्याचा, चतुर शरदाचा. वर लिहिलेल्या मांजराच्या हायकूत ऋतू नाही, काटेकोर जपानी वाचक त्याला सेन्र्यू (तेवढ्याच मापाची, पण ऋतुशब्द न लागणारी गमतीची कविता) म्हणेल आणि तो चुकणार नाही. पण ऋतुशब्द आणायचा तर तिथली यादी उचलू नका. बाशोच्या १६८६च्या प्रसिद्ध हायकूत बेडूक तळ्यात उडी मारतो तो वसंतात. आपला बेडूक मृगाचा. काजवे पावसाच्या तोंडावर, पावशा पेरणीआधी, लाल मखमली मृगाचा किडा पहिल्या सरींनंतर, बैल पोळ्याला, धोबी पक्षी थंडीच्या सुरुवातीला. सिंह आणि जिराफ यांना आपल्या अंगणात ऋतूच नाही, म्हणून त्यांच्यावरची हायकू नेहमी चित्रांच्या तक्त्यासारखी होतात.

सरी आल्या गं —
फुगा झाला गळ्याचा
डुबू डुबू डू

पहिल्या ओळीला बोटांनी जमिनीवर पाऊस वाजवायचा, दुसरीला गाल फुगवून थांबायचं, तिसरीला उकिडवं बसून उडी. ‘बेडूक’ हा शब्द कवितेत नाही, तो मुलांनी ओरडायचा आहे. आणि त्यांच्यातलं कुणी म्हणालं, ‘मी पण एक हायकू केलं’, तर ‘केलं’ला हात लावू नका.