शाळेत दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा आहे, पौर्णिमेची रात्र ठेवावी का?

पौर्णिमा टाळा, शुद्ध सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ धरा. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, त्यामुळे विवरांच्या सावल्या दिसेनाशा होतात आणि दुर्बिणीत नुसती डोळे दिपवणारी सपाट थाळी दिसते. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका तेजस्वी असतो, पण उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर ऊन तिरपं पडत असल्याने विवरांच्या कडा उठून दिसतात. अष्टमीच्या सुमारास टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही तिन्ही विवरं या रेषेपाशी एका ओळीत सापडतात. अल्फॉन्ससच्या मधोमध असलेलं शिखर मुलांना स्वतः शोधू द्या, आधी सांगून टाकू नका! शिवाय हा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच आकाशात उंच असतो, म्हणजे लहान मुलांना जागवावं लागत नाही. दुर्बिणीला चंद्रामागे फिरवणारी मोटर नसेल तर चंद्र सारखा नजरेबाहेर सरकत राहतो, तेव्हा रांगेजवळ एक जाणता माणूस फक्त दुर्बीण पुन्हा चंद्रावर आणण्यासाठी उभा करा. मात्र देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेबाहेरचा ताऱ्यांचा प्रचंड समूह) किंवा आकाशगंगेचा पट्टा दाखवायचा असेल, तर अर्धा चंद्रही आड येतो; त्यासाठी अमावास्येच्या आसपासची रात्र आणि शहरी दिव्यांपासून दूरची जागाच हवी.