अडीच लाखांचा पीसी आणि बारा लाखांचं विमाकवच

पत्र नाशिकहून आलंय. वय ३४, आयटी सपोर्टमध्ये नोकरी, पगार हातात ८२ हजार. घरकर्ज ३६ लाख, त्याचा हप्ता ३२ हजार. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी तीन वर्षांची, वडील सोबत राहतात. बचत खात्यात ६० हजार.

प्रश्न असा: "लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवून ग्राफिक्स कार्ड थेट त्यातल्या विंडोजला द्यायचं आहे. दुकानदाराने २ लाख ६० हजारांचं कोटेशन दिलंय. पॉलिसीवर २ लाख १० हजार कर्ज मिळतंय, बाकीचे खात्यातून. इंटेल घेऊ की एएमडी? हे शिकलो की बाहेरची कामं घेईन, महिन्याला ३० हजार तरी सुटतील."

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक. त्याकडे नंतर येऊ, आधी पॉलिसी बघू. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख. चार हप्ते भरून झालेत, पाचवा दोन महिन्यांवर आलाय. आत्येभावाने "हमखास दुप्पट" म्हणून दिली. भरणार १२ लाख, मिळणार २४, म्हणजे दुप्पट हे खरंच. पण प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, त्यामुळे परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये भरले असते आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर विसाव्या वर्षी ३५ लाख झाले असते. "कर वाचतो" म्हणावं तर तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, तिथे ८०सीची वजावट नाहीच.

हेही एक वेळ सोसलं असतं. मला झोंबली ती पुढची ओळ: "विमा आहेच, १२ लाखांचा." कर्ज ३६ लाखांचं आणि विमा १२ लाखांचा! उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही २४ लाख देणं उरेल, आणि घरात कमावतं कोणीच नसेल. वर्षाला सव्वा लाख मोजणाऱ्या घराला हे कुणीच सांगितलं नाही याचा मला राग येतो. हिशोब दोन ओळींचा आहे. कर्ज ३६ लाख. घरखर्च महिना ३५ हजार, म्हणजे वर्षाला सव्वाचार लाख, तो पंधरा वर्षांचा धरला तर साठ-पासष्ट लाख. एक कोटीचा साधा टर्म विमा हवा, म्हणजे परतावा नसलेला, फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा. तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाला तो वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात तब्येतीबद्दल काहीही लपवू नका.

मग जुन्या पॉलिसीचं काय? रागाने मोडू नका. मोडली तर भरलेल्या ४ लाख ८० हजारांपैकी निम्मे, २ लाख ४० हजार हातात येतील. हप्ते बंद करून ती पेड-अप केली, तर बऱ्याच हमीच्या पॉलिसींत शेवटची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात मिळते: २४ लाखांचे दहात चार भाग, साडेनऊ लाखांच्या आसपास. आज मिळणाऱ्या २ लाख ४० हजारांचे सोळा वर्षांत चौपट, म्हणजे वर्षाला नऊ टक्के. काही पॉलिसींत याहून बरंच कमी देतात, म्हणून पेड-अपचा आकडा कंपनीकडून लेखी घ्या, आत्येभावाकडून तोंडी नको. त्याला वाईट वाटेल ही काळजी सोडा, त्याच्या कमिशनचा मोठा भाग पहिल्याच वर्षी त्याला मिळून गेला. क्रम मात्र चुकवू नका. पेड-अप केल्यावर १२ लाखांचं कवचही घटतं, म्हणून आधी टर्म विमा हातात यावा, मगच हप्ता थांबवा.

आता पीसी. सल्लागार होण्याआधी मी सात वर्षं सर्व्हर सांभाळलेत, म्हणून कोटेशन बारकाईने वाचलं. त्यात कोअर आय७ १४७००एफ आहे. नावातल्या त्या एफचा अर्थ, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. एकुलतं एक कार्ड विंडोजला दिलंत की लिनक्सकडे स्क्रीनच राहत नाही. खटपट करून चालवता येतं, पण विंडोज चालू असेपर्यंत लिनक्सचा डेस्कटॉप बंद ठेवावा लागतो. एफ नसलेला तोच प्रोसेसर थोड्या जास्त पैशांत मिळतो. दुकानदाराचं "सगळं सपोर्ट करतं" इथेच उघडं पडतं.

इंटेल की एएमडी हा प्रश्न दुय्यम आहे. इंटेलचं व्हीटी-डी आणि एएमडीचं आयओएमएमयू एकच काम करतात: कार्डासारखं उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात देणं. खरी गोम मदरबोर्डात असते. बोर्ड उपकरणांचे गट पाडतो आणि कार्ड ज्या गटात असेल तो अख्खा गट व्हर्च्युअल मशीनला द्यावा लागतो. मुख्य स्लॉट बहुतेकदा सुटा असतो. दुसऱ्या स्लॉटच्या गटात नेटवर्क, यूएसबी, एसएसडी सगळं अडकलेलं सापडतं. एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच ते गट कागदावर फोडतो, पण खरं विलगीकरण त्याने मिळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून गट बघा. दाखवायला नकार देणाऱ्याकडून बोर्ड घेऊ नका. जीफोर्स ग्राफिक्स कार्डांचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीन ओळखून एरर ४३ द्यायचा, तो त्रास एनव्हिडियाने २०२१ मध्ये संपवला. एएमडीची जुनी कार्डं सेकंडहँड घेताना मात्र जपा. त्यातली काही विंडोज एकदा बंद केलं की नीट रीसेट होत नाहीत आणि सगळा पीसी रीस्टार्ट करावा लागतो.

पण हा सगळा अभ्यास करायला २ लाख ६० हजार लागत नाहीत. व्हीटी-डी असलेला, ऑफिसातून निघालेला टॉवर डेस्कटॉप वीस-पंचवीस हजारांत मिळतो. लहान चपटी पेटी नको, तिचा पॉवर सप्लाय कार्डाला पुरत नाही. रॅम ३२ जीबी करा, कारण पासथ्रूमध्ये, म्हणजे कार्ड असं थेट दिल्यावर, विंडोजला दिलेली रॅम पूर्ण अडकून बसते.

आणि ते महिना ३० हजार? पत्रात एकाही ग्राहकाचा उल्लेख नाही. पॉलिसीवरच्या कर्जाचं व्याज साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला वीस हजार होईल, आणि ते पहिल्या महिन्यापासून चालू होईल. खात्यात उरतील दहा हजार, हप्ता ३२ हजारांचा! छोट्या मशीनवर सलग सहा महिने बाहेरच्या कामाचे पैसे जमा होऊ द्या. मग मोठं मशीन त्याच पैशांतून घ्या.

हप्त्याचे वाचणारे १ लाख २० हजार असे लावा: १५ हजार टर्म विमा, २० हजार तुम्हा तिघांचा स्वतःचा आरोग्य विमा, कारण कंपनीचा नोकरीबरोबर जातो. २५ हजारांचं मशीन. उरलेले ६० हजार बचतीत, म्हणजे तिथे १ लाख २० हजार होतील. वडिलांच्या आरोग्य विम्यासाठी त्यांचं वय आणि आजार कळवा, त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी आणि मंजुरी यांत काही आठवडे जातात. हप्त्याला दोनच महिने आहेत, अर्ज याच आठवड्यात भरा.