जानेवारीची तोंडमिळवणी: सुट्ट्यांनंतर महिनाभर हात कसा आखडावा

अमेरिकेतल्या मराठी घरांना जानेवारी जड जातो, त्याचं खापर सगळे डिसेंबरातल्या भारतवारीवर आणि भेटवस्तूंवर फोडतात. खरं तर याच महिन्यात आणखी तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. कडाक्याच्या थंडीमुळे हीटिंगचं बिल फुगतं. आरोग्य विम्याचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षात आपल्या खिशातून भरायची रक्कम) बहुतेक प्लॅनमध्ये १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. आणि ज्यांचा वर्षाचा पगार सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी होणाऱ्या कपातीच्या, मर्यादेपलीकडे जातो (२०२५ साली ती १,७६,१०० डॉलर होती), त्यांच्या पगारातून वर्षाखेरीस थांबलेली ६.२ टक्के कपात जानेवारीच्या पहिल्या पेचेकपासून परत सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबरचा आकडा धरून जानेवारीचा हिशोब मांडला तर तो चुकणारच. म्हणून आधी जानेवारीचा पहिला पेचेक उघडून हातात नेमकं किती येतंय ते बघा आणि काटकसर त्यानंतर ठरवा.

मग तारखा. कॅलेंडरवर पुढच्या ४५ दिवसांत खात्यातून जाणारी प्रत्येक रक्कम लिहा: घराचा हप्ता किंवा भाडं, गाड्यांचे हप्ते, विमे, डे-केअर, प्रत्येक कार्डाची ड्यू डेट. तिमाही कर भरणाऱ्यांसाठी १५ जानेवारी आहेच. न्यू जर्सीत स्वतःचं घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता १ फेब्रुवारीला येतो. बहुतेक गावं १० तारखेपर्यंत सूट देतात, त्यानंतर व्याज लागतं. जानेवारीत पोटाला चिमटा काढून पाचशे डॉलर वाचवायचे आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी अडीच हजारांसाठी कार्डाकडे बघायचं, हे दर वर्षी कितीतरी घरांत होतं. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ प्रकारचे हप्तेही यादीत घ्या. चार हप्ते दर दोन आठवड्यांनी असले, तर २० डिसेंबरच्या खरेदीचा शेवटचा हप्ता ३१ जानेवारीला पडतो, आणि तोवर ती खरेदी डोक्यातून गेलेली असते.

कार्डाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात. स्टेटमेंटची पूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत भरली तर नव्या खरेदीवर व्याज लागत नाही, ही सवलत सगळ्यांना ठाऊक असते. थोडी रक्कम जरी मागे राहिली तरी ती सवलतच जाते, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. त्या क्षणापासून त्याच कार्डावर घेतलेल्या दुधालासुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होतं. म्हणून बाकी राहणार असेल तर ते कार्ड महिनाभर पाकिटातून आणि ऑनलाइन दुकानांतूनही काढून टाका. किराणा, पेट्रोल डेबिटवर किंवा ज्याची बाकी शून्य आहे अशा दुसऱ्या कार्डावर करा. ऑटो-पे ‘मिनिमम’वर लावलेला आहे का, हेही तपासा. भारतात असताना ड्यू डेट चुकू नये म्हणून तसा लावतात आणि परत आल्यावर बदलायचं राहून जातं.

समजा बाकी ४,८०० डॉलर आहे आणि दर २४ टक्के. महिन्याचं व्याज साधारण ९६ डॉलर. तेवढेच पैसे ४ टक्क्यांच्या सेव्हिंग्जमध्ये पडून असतील तर महिन्याला १६ डॉलर मिळतात. ‘अडीअडचणीच्या पैशाला हात लावायचा नाही’ हा नियम चांगला आहे, पण अडीअडचण म्हणतात ती हीच. घरखर्चाचा एक महिना पुरेल एवढी रक्कम ठेवा, उरलेल्यातून कार्ड फेडा आणि मग ती शिल्लक दर पेचेकला भरून काढा. शिल्लकच नसेल तर शून्य टक्क्यांच्या दुसऱ्या कार्डावर बाकी हलवता येते. त्याला साधारण ३ ते ५ टक्के फी सुरुवातीलाच पडते, त्यामुळे दोन महिन्यांत फिटणारी रक्कम हलवण्यात राम नाही. आठ-दहा महिने लागणार असतील तर हलवा.

आता आत येऊ शकणारे पैसे. न वापरलेल्या भेटवस्तू याच आठवड्यात परत करा. सुट्ट्यांतल्या खरेदीसाठी बरीच दुकानं मुदत जानेवारीअखेरपर्यंत वाढवतात, त्यानंतर दुकानातच खर्चायची क्रेडिट मिळते किंवा तीही नाही. ड्रॉवरमधली गिफ्ट कार्डं बाहेर काढा. इथल्या कायद्याने त्यांतली रक्कम किमान पाच वर्षं तरी बुडत नाही, पण या महिन्यात किराण्याच्या दुकानाचं कार्ड म्हणजे रोकडच. प्रीपेड व्हिसा-मास्टरकार्डवर सात-आठ डॉलर उरतात आणि मशीन कार्ड नाकारतं, कारण बिल त्याहून मोठं असतं. कॅशियरला आधीच सांगा की या कार्डावर अमुक डॉलर अमुक सेंट घ्या आणि बाकीचे दुसऱ्यावर. पेट्रोल पंपावर ती चालवायला जाऊ नका, पंप आधी मोठी रक्कम अडवून ठेवतो.

मागच्या वर्षीच्या एफएसएमध्ये (औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेल्या खात्यात) पैसे पडलेत का, हेही बघा. अनेक कंपन्यांत जुन्या वर्षाचे क्लेम मार्चअखेरपर्यंत घेतात. तुमची नेमकी मुदत एचआरच्या पोर्टलवर असते. डिसेंबरात पुण्यात केलेलं रूट कॅनाल किंवा तिथे नंबर काढून घेतलेला चष्मा यांचा खर्चही यात बसतो, कारण उपचार अमेरिकेतच झाले पाहिजेत अशी अट नाही. उपचाराची तारीख मागच्या वर्षातली हवी, पैसे कधी दिले ते महत्त्वाचं नाही. अडतं ते पावतीपाशी. ‘रोख मिळाले’ एवढं लिहिलेला चिटोरा चालत नाही. रुग्णाचं नाव, तारीख, काय उपचार केले आणि रक्कम हे सगळं इंग्रजीत असलेलं बिल क्लिनिककडून व्हॉट्सॅपवर मागवा आणि त्या दिवसाच्या दराने डॉलरमधला आकडा सोबत जोडा. भारतातून बॅगेत आणलेल्या औषधांचा क्लेम मात्र सहसा मान्य होत नाही.

स्वयंपाकघरात पहिला आठवडा किराणा आणायचाच नाही. दूध, भाजी, फळं, अंडी एवढंच. भारतातून आल्यावर कपाटात भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, सांडगी मिरची, पापड हे सगळं ठासून भरलेलं असतं आणि ते ‘जपून’ ठेवण्यात जून उजाडतो, तोवर भाजणी खवट झालेली असते. इथली घरं हिवाळ्यातही आतून उबदार असतात, पिठं लवकर बिघडतात. महिन्यात संपणार नाही तेवढं आत्ताच फ्रीझरमध्ये टाका. आठवड्यातून एक रात्र थालीपीठ, एक रात्र कुळथाचं पिठलं आणि भात, एवढं ठरवलं तरी बाहेरून मागवायच्या दोन वेळा गेल्या.

मापं ठाऊक असली की भरमसाट खरेदी थांबते. कणकेची २० पौंडांची पिशवी म्हणजे ९ किलो. एका पोळीला ३० ग्रॅम पीठ धरलं तर ३०० पोळ्या होतात, म्हणजे रोज दहा पोळ्या लागणाऱ्या घराला महिनाभर एक पिशवी पुरते. तूरडाळीची ४ पौंडांची पिशवी म्हणजे साधारण नऊ वाट्या, २०० ग्रॅमची एक वाटी धरून. चौघांना एका वेळच्या वरणाला किंवा आमटीला एक वाटी भरपूर होते. आठवड्यातून चार वेळा तूर आणि बाकी दिवस मूग, मसूर, मटकी असं फिरवलं तर दोन पिशव्यांत महिना निघतो. होलसेल क्लबमध्ये या महिन्यात फक्त यादी घेऊन जा आणि एकट्यानेच जा. तिथे पौंडामागे वाचतं हे खरं, पण तीन पौंड पालक चौघांच्या घरात क्वचितच संपतो.

जानेवारीत ईशान्येकडच्या राज्यांत भेंडी, कारली, तोंडली महाग पडतात आणि शिळीही असतात. कोबी, गाजर, मुळा, बटाटा, लाल भोपळा, रताळी हे स्वस्त आणि टिकाऊ. भोगीची भाजी यातच बसते. ओला हरभरा मिळाला नाही तर फ्रोझन मटार आणि भिजवलेले छोले घाला, तिळाचं कूट मात्र वगळू नका.

दही घरी लावणं हा या महिन्यातला सगळ्यात सोपा फायदा. एक गॅलन दुधाचं साधारण दोन पौंडी चार डब्यांएवढं दही होतं. दूध उकळून ४३ ते ४५ सेल्सियसवर येऊ द्या (बोट बुडवून सहज ठेवता यावं इतपत), लिटरमागे चमचाभर विरजण घाला आणि सहा ते आठ तास हलवू नका. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायची युक्ती बऱ्याच घरांत फसते ती दिवा एलईडी असल्यामुळे. त्याला ऊबच नसते. तसं असेल तर ओव्हन मिनिटभर तापवून बंद करा आणि भांडं शालीत गुंडाळून आत ठेवा, किंवा इन्स्टंट पॉटचं योगर्ट बटण वापरा. पनीर करणार असाल तर कार्टनवर ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ लिहिलेलं दूध घेऊ नका (ऑरगॅनिक दूध बरेचदा तसंच असतं). ते नीट फाटत नाही आणि चोथा भुसभुशीत राहतो.

दोघं नोकरी करत असाल तर विकतच्या पोळ्या बंद करायच्या भानगडीत पडू नका. पोळ्या बंद केल्या की तिसऱ्या दिवशी दमून पिझ्झा येतो, आणि एका पिझ्झ्याच्या डिलिव्हरीत आठवड्याच्या पोळ्या निघतात. कापायची ती घरपोच सेवा. किराण्याच्या अ‍ॅपवर बरेचदा वस्तूचा भाव दुकानापेक्षा जास्त लावलेला असतो, वर फी आणि टिप. ‘महिनाभर बाहेरचं काहीच नाही’ हा पण दहा-बारा दिवसांनी, बर्फ पडत असलेल्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी मोडतो. त्या संध्याकाळसाठी डाळ-तांदूळ-हळद-मीठ एकत्र मोजून भरलेल्या खिचडीच्या दोन बरण्या आणि फ्रीझरमध्ये एक मोठा डबा राजमा ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जायचं आधीच ठरवून टाका, म्हणजे घरात कुरकुर होत नाही.

हीटिंगमध्ये एकच मोठी गोष्ट हातात असते. रोज आठ तास थर्मोस्टॅट नेहमीपेक्षा ७ ते १० फॅरनहाइट खाली ठेवला तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. दिवसा ६८, झोपताना ६० च्या आसपास आणि वर दुलई. ५५ च्या खाली नको, बाहेरच्या भिंतीतले पाइप गोठायची भीती. घरात हीट पंप असेल तर हा सल्ला उलटू शकतो: सकाळी एकदम आठ अंशांची उडी मागितली की विजेची ऑक्झिलरी हीट (जास्त वीज खाणारा जोडीचा हीटर) सुरू होते आणि रात्री वाचलेलं सकाळी जातं. तिथे दोन-तीन अंशांचाच फरक ठेवा. फर्नेसचा फिल्टर बघा, वॉटर हीटर १२० वर आणा. आणि फोडणीच्या वासासाठी तासन्‌तास चालणारा एक्झॉस्ट फॅन तापवलेली हवाच बाहेर फेकत असतो. शेगडी पेटलेली असताना आणि नंतर दहा मिनिटं तो पुरे.

सबस्क्रिप्शनं शोधायला कार्डाचं स्टेटमेंट एका महिन्याचं बघून भागत नाही, वार्षिक वजावटी सुटतात. बारा महिन्यांची बघा, शिवाय फोनमधली सबस्क्रिप्शनची यादी वेगळी तपासा. भारतवारीसाठी घेतलेला रोमिंगचा पॅक बरेचदा चालूच राहिलेला असतो. पुस्तकं, सिनेमे आणि म्युझियमचे पास गावच्या लायब्ररीच्या कार्डावर मिळतात.

संक्रांतीचं हळदीकुंकू रद्द करायची गरज नाही, रथसप्तमीपर्यंत मुदत असते. तीन-चार घरांनी मिळून एकच करा. ४५० ग्रॅम तीळ, ३५० ग्रॅम गूळ आणि १०० ग्रॅम दाण्याचं कूट घेतलं तर २० ग्रॅमचे ४५ लाडू होतात. चिक्कीचा गूळ असेल तर गरम असतानाच पटापट वळावे लागतात, साध्या गुळाचे मऊ राहतात. वाण म्हणून भारतातून आणलेल्या हळदीच्या किंवा गोड्या मसाल्याच्या पुड्या बांधा. प्लास्टिकचे डबे सगळ्यांच्या घरात आधीच भरपूर आहेत.

काही खर्च कापू नयेत. औषधं डिडक्टिबलच्या भीतीने पुढे ढकलू नका. नेटवर्कमधल्या डॉक्टरकडची वार्षिक तपासणी तर डिडक्टिबलशिवायच होते. समर कॅम्पची नोंदणी याच सुमारास सुरू होते आणि लवकर भरणाऱ्यांना सवलत असते, मार्चपर्यंत थांबलात तर महागडेच उरतात. आईवडिलांना पैसे पाठवायचे असतील तर बँक खात्यातून पाठवा. क्रेडिट कार्डावरून पाठवले तर कार्ड कंपनी ते बहुधा कॅश अ‍ॅडव्हान्स (कार्डावरून उचललेली रोख) धरते: फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. रोख किंवा मनीऑर्डरने पाठवण्यावर १ जानेवारी २०२६ पासून एक टक्का करही आहे.

कार्ड पूर्ण फेडल्यावरही पुढच्या स्टेटमेंटवर दहा-वीस डॉलर व्याज दिसेल. स्टेटमेंट निघाल्यापासून तुमचे पैसे पोहोचेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं, चूक नसते. ‘बाकी शून्य झाली’ म्हणून त्या स्टेटमेंटकडे दुर्लक्ष केलं तर लेट फी बसते. तेवढे भरा, आणि त्यानंतरचं एक स्टेटमेंट पूर्ण शून्य व्याजाचं आलेलं पाहूनच ते कार्ड पाकिटात परत ठेवा.