प्लॅस्टरमधला हात आणि कोलाची बाटली

“मॅडम, कोल्ड्रिंकने हाडं विरघळतात ना? मग याचं जुळणार कसं?” खुर्चीत टेकायच्या आधीच आईने विचारलं. शेजारी सोळा वर्षांचा मुलगा, मान खाली घातलेली. उजव्या मनगटाचं हाड मोडून तीन आठवडे झालेले, आणि दिवसाला अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या कोला. घरात रोज त्यावरून खडाजंगी.

ही भीती मी पालकांकडून नेहमी ऐकते. तिच्यामागे बहुतेक वेळा कोलाच्या ग्लासात बुडवून ठेवलेल्या दाताची गोष्ट असते. दात आम्लात दिवसरात्र पडून राहिला तर झिजणारच. पण प्यायलेला कोला हाडाला जाऊन भिडत नाही, आणि रक्तातली आम्लता शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. हे ऐकून आई जरा सैलावली.

पण म्हणून कोला निर्दोष ठरत नाही. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम अभ्यासात (2006) रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली. पुरुषांत तसं दिसलं नाही, इतर फसफसणाऱ्या पेयांबाबतही नाही. यावरून कोलाच कारण आहे असं सिद्ध होत नाही. कॅफीनमुळे लघवीवाटे कॅल्शियम जातं, पण अगदी थोडं. मला जास्त काळजी वाटते ती बाटलीमुळे ताटातलं काय मागे राहतं याची.

म्हणून मी त्याला विचारलं, “काल दिवसभरात काय खाल्लंस?”

बराच वेळ तो प्लॅस्टरची कड नखाने खरवडत राहिला. मग हळूच म्हणाला, “डाव्या हाताने जमत नाही. सांडतं. सगळे बघत बसतात.” बाटलीला स्ट्रॉ असतो, त्यामुळे तिथे कुणाची मदत लागत नाही.

आई एकदम गप्प झाली. घरात बाटल्या मोजल्या जात होत्या, अर्धवट परत जाणारं ताट कुणी पाहिलंच नव्हतं. लिटरभर कोलात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर, भूक त्यातच मरते. प्रथिनं शून्य, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. आणि मोडलेल्या जागी आधी प्रथिनांचा मऊ सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो कडक होतो. नेमक्या त्याच काळात हा पोरगा अर्धपोटी होता.

आम्ही बाटलीवर बंदी घातली नाही. चमच्याने उचलता येईल असं घट्टसर जेवण, खोलगट वाडग्यात. जेवताना कुणी टक लावून बघायचं नाही. आणि त्याच स्ट्रॉने दोन वेळा ग्लासभर दूध. एका ग्लासात साधारण 300 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. (दूध पचत नसेल तर दही किंवा कॅल्शियम घातलेलं सोयादूध चालतं.) ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. कोला किती, हे त्याचं त्याने ठरवलं: एक छोटी बाटली, तीही जेवणानंतर.

प्लॅस्टर निघाल्यावर तो एक्स-रे घेऊन आला. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मोडलेल्या रेषेभोवतीचा धुरकट पांढरा फुगवटा दाखवत म्हणाला, “हे नवीन हाड आहे, मॅडम.” फिल्म त्याने सवयीने डाव्या हातातच धरली होती.